शब्दचर्चा : ब्रिजमधील ‘बोली’, ‘संकेत’ आणि ‘खूण’

प्रश्न

ब्रिज हा चौघांनी दोन जोड्यांत खेळायचा पत्त्यांचा खेळ नव्याने शिकणाऱ्यांसाठी मराठीत एक टिपणवही तयार करण्याचे काम आम्ही काही जण करीत आहोत. पत्त्यांचे शब्द आपल्याकडे आधीपासूनच आहेत : किलवर, चौकट, बदाम, इस्पिक, हुकूम, उतारी, हात. अडचण येते ती नेहमीच्या जोडीदाराबरोबर बोलीचा सराव कसा करावा, हे सांगणाऱ्या प्रकरणात. ज्याला खेळाडू ‘कन्व्हेन्शन’ म्हणतात (म्हणजे बोलीला जोडीदारांनी आधीच ठरवून दिलेला खास अर्थ), त्यासाठी आमच्यापैकी कुणी ‘संकेत’ लिहितो, कुणी ‘खूण’, कुणी ‘ठराव’. शिवाय ‘बिड’ आणि ‘कॉल’ या दोन्हींसाठी ‘बोली’ हा एकच शब्द चालेल का, याविषयीही एकमत होत नाही. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद

‘बोली’चा प्रश्न तुलनेने सोपा आहे, म्हणून तो आधी घेतो. ब्रिजच्या नियमांनुसार ‘बिड’ म्हणजे पहिल्या सहा हातांच्या वर किमान किती हात करणार आणि कोणता हुकूम ठेवून (किंवा बिनहुकमी) करणार, याची हमी होय. एक ते सात या पायऱ्या आणि चार रंग व नोट्रम्प (बिनहुकमी) हे पाच प्रकार, म्हणून अशा बोली एकूण ३५ होतात. पास, डबल (प्रतिस्पर्ध्यांच्या बोलीचे मोल वाढवणे) आणि रिडबल (त्या डबलला उत्तर म्हणून ते आणखी वाढवणे) या तिन्हींमध्ये हात करण्याची हमी नसते, त्यामुळे त्या बोली ठरत नाहीत. मात्र त्या धरून एकूण ३८ ‘कॉल’ होतात. ‘बोली’ हे नाम या ३५ पुरतेच राखून ठेवावे आणि ‘कॉल’ जसाच्या तसा ठेवावा, असे माझे मत आहे, कारण टेबलावर सर्वांच्या तोंडी तो आहेच आणि त्यासाठी नवा शब्द घडवून वाचकाची सोय होणार नाही.

‘संकेत’ या शब्दाचा विचार मात्र सावकाश करायला हवा. एका खेळाडूला मिळणाऱ्या तेरा पानांचे वेगवेगळे संच, म्हणजे या अर्थाने ‘हात’, ६३ हजार ५०० कोटींहून अधिक होऊ शकतात आणि त्यांचे वर्णन करण्यासाठी आपल्याजवळ ही एवढी थोडी विधाने असतात. तीही चढत्या क्रमानेच करता येतात, म्हणजे एकदा ओलांडलेली पायरी पुन्हा हाती लागत नाही. त्यामुळे काही बोलींना त्यांच्या सरळ अर्थापेक्षा निराळा अर्थ देण्याचे दोघे जोडीदार आधीच ठरवतात. समजा, आपल्या जोडीदाराने ‘एक नोट्रम्प’ने सुरुवात केली आणि त्याचा अर्थ १५ ते १७ गुणांचा समतोल हात असा ठरलेला आहे (एक्क्याचे ४, राजाचे ३, राणीचे २ आणि गुलामाचे १ असे हे गुण मोजतात). आता आपण ‘दोन किलवर’ म्हटले, तर बहुतेक जोड्यांमध्ये त्याचा किलवरशी काही संबंध नसतो. ‘तुझ्याकडे बदाम किंवा इस्पिक यांपैकी चार पाने आहेत का?’ असा तो प्रश्न असतो आणि त्याला ‘स्टेमन’ असे नाव आहे. आपण ‘दोन चौकट’ म्हटले, तर त्याचा अर्थ ‘माझ्याकडे किमान पाच बदाम आहेत, तू दोन बदाम म्हण’ असा होतो. शब्द चौकटीचा आणि अर्थ बदामाचा. हे नाते केवळ दोघांनी मान्य केले म्हणून अस्तित्वात आले आहे.

शब्द आणि अर्थ यांच्यामधल्या नेमक्या अशा मान्य नात्याला आपल्या परंपरेत ‘संकेत’ म्हणतात. काव्यशास्त्रात अभिधेचा विचार करताना शब्दाचा थेट अर्थ हा ‘संकेतित’ अर्थ मानलेला आहे. म्हणून ज्या बोलीचा सरळ अर्थच घ्यायचा ती ‘सरळ बोली’ आणि जिला ठरवून वेगळा अर्थ दिला आहे ती ‘सांकेतिक बोली’, असा फरक टिपणवहीत करता येईल. ‘ठराव’ मला येथे अपुरा वाटतो, कारण ठराव एखाद्या प्रसंगी केला जातो. संकेत मात्र एकदा रुजला की पुढच्या प्रत्येक डावात तोच अर्थ देत राहतो.

दुसऱ्या वाचकाचा आक्षेप

आपले विवेचन पटते, तरीही आजच्या मराठीत ‘संकेत’ या शब्दाला गुप्ततेचा वास येतो, याकडे दुर्लक्ष करता येणार नाही. ‘सांकेतिक लिपी’ म्हटले की इतरांना कळू नये अशी लिपी डोळ्यांसमोर येते, आणि संगणकावर प्रवेशासाठी गुपचूप टंकावा लागतो तो ‘संकेतशब्द’. प्रेमिकांचे ‘संकेतस्थळ’ही लपूनछपून भेटण्याचेच होते. नवशिक्या वाचकाला असे वाटेल की ब्रिजमध्ये दोघे भिडू काहीतरी गुपित ठरवून बसतात. मग ‘खूण’ आणि ‘संकेत’ यांत फरक तो काय राहिला?

प्रतिसाद

आक्षेप योग्य ठिकाणी बोट ठेवणारा आहे आणि त्याचे उत्तर टिपणवहीत स्पष्टपणे आलेच पाहिजे, असे मला तळमळीने वाटते. ‘नाट्यसंकेत’, ‘साहित्यसंकेत’, ‘सामाजिक संकेत’ हे शब्द पाहावेत. नाट्यसंकेत नटाला जितका ठाऊक असतो तितकाच प्रेक्षकालाही ठाऊक असावा लागतो. नाहीतर प्रयोगच कळणार नाही. ब्रिजमधला संकेत या घराण्यातला आहे. नियमांनुसार जोडीने आपसात ठरवलेला प्रत्येक अर्थ प्रतिस्पर्ध्यांना जाणून घेण्याचा हक्क आहे. त्यासाठी संकेतांचे कार्ड भरून ठेवतात, अनपेक्षित अर्थाच्या बोलीवर ‘अलर्ट’ देतात आणि विचारल्यास खुलासा करतात. समोरासमोर, जोडीदारांमध्ये पडदा न लावता खेळताना हा खुलासा बोली करणारा स्वतः करीत नाही, त्याचा जोडीदार करतो. त्या वेळी बोली करणाऱ्याने चेहऱ्यावरही काही उमटू द्यायचे नसते. प्रतिस्पर्ध्यांपासून लपवून ठेवलेला संकेत हा नियमभंगच आहे.

‘खूण’ ही याच्या अगदी उलट बाजूला येते. आपल्या घरोघरच्या पत्त्यांच्या खेळांत ‘खुणा करू नका’ असे दटावले जाते, ते याच अर्थाने. डोळ्यांनी केली तर नेत्रपल्लवी आणि बोटांनी केली तर करपल्लवी, इतके नेमके शब्द मराठीजवळ आहेत. १९६५ मध्ये ब्युनोस आयर्स येथे बर्म्युडा बोल या जागतिक सांघिक ब्रिज स्पर्धेत ब्रिटनच्या एका जोडीवर, पत्ते किती बोटांनी धरले यावरून जोडीदाराला बदामांची संख्या कळवल्याचा आरोप झाला, तो करपल्लवीचाच होता. जागतिक ब्रिज महासंघाने त्यांना दोषी मानले, पुढे ब्रिटनमधल्या चौकशीत ते निर्दोष ठरले, आणि त्यावरचा वाद दीर्घकाळ चालू राहिला. १९७५ पासून या स्पर्धेत टेबलाच्या मधोमध पडदा लावण्यात येऊ लागला, त्यामागेही अशा संशयांना जागाच राहू नये हाच हेतू होता.

म्हणून ‘खूण’ हा शब्द कन्व्हेन्शनसाठी कधीही वापरू नये. जोडीदाराने बोलीला नेहमीपेक्षा जास्त वेळ घेतला, त्यावरून त्याच्या पानांचा अंदाज बांधून निर्णय घेणे हेसुद्धा नियमात बसत नाही, आणि त्यासाठीही हाच शब्द समर्पक होईल. बचावाच्या वेळी टाकलेल्या पानातून जोडीदाराला जे कळवले जाते, ते मात्र पूर्णपणे वैध असते. त्यासाठी ‘इशारा’ पुरेसा आहे.

मूळ प्रश्नकर्ता

आभारी आहे. आता प्रकरणाच्या शीर्षकाचा प्रश्न उरतो. ‘बोलीचा सराव’ की ‘बोलीची तालीम’?

प्रतिसाद

या कामात दोन वेगवेगळ्या क्रिया आहेत आणि त्यांना दोन शब्द द्यावेत. पहिली क्रिया म्हणजे चार हात वाटून, प्रतिस्पर्धी पासच म्हणतात असे धरून, दोघांनी फक्त बोली करीत जाणे. शेवटी दोन्ही हात उघडून गाठलेला करार (म्हणजे शेवटची बोली) योग्य होता का, ते पाहणे. ऑनलाइन टेबलावर तर ‘एका हातात १५ ते १७ गुण’ अशा अटी घालून हवे तसेच हात मागवता येतात. हा झाला सराव.

दुसरी क्रिया त्यानंतरची आहे आणि माझ्या मते तीच अधिक महत्त्वाची आहे : एकाच बोलीचे दोघांनी दोन अर्थ घेतले असतील, तर कोणता अर्थ कायम ठेवायचा, हे बोलून ठरवणे आणि लिहून काढणे. तिला ‘जुळवणी’ म्हणावे. एक नोट्रम्पनंतर प्रतिस्पर्ध्याने मध्येच ‘दोन चौकट’ म्हटले, तर आपले ‘दोन बदाम’ सरळ की सांकेतिक? प्रतिस्पर्ध्याने डबल दिली, तर स्टेमन चालू राहतो की बंद होतो? प्रतिस्पर्धी गप्प असतानाचे संकेत बहुतेक जोड्यांना पाठ असतात; फसगत होते ती अशा मधल्या बोलींनंतर, आणि तेथे ‘मला वाटले तुला तेच म्हणायचे असेल’ हे वाक्य हमखास ऐकू येते.

याचे ठळक उदाहरण म्हणून ‘रोमन की-कार्ड’ घ्यावे. यात चार एक्के आणि हुकमाचा राजा मिळून पाच कळीची पाने धरतात आणि ‘चार नोट्रम्प’ने त्यांची संख्या विचारतात. एका रिवाजात ‘पाच किलवर’ या उत्तराचा अर्थ एक किंवा चार असा असतो आणि ‘पाच चौकट’चा शून्य किंवा तीन, दुसऱ्या रिवाजात नेमके उलटे. दोघांनाही आपापला रिवाज उत्तम येत असला, तरी जोडी म्हणून त्यांचा संकेत अजून जुळलेलाच नाही, आणि स्लॅमच्या (बारा किंवा तेरा हात करण्याच्या बोलीच्या) उंबरठ्यावर हे उघडकीस येणे फार महाग पडते. तेव्हा टिपणवहीत प्रत्येक संकेतापुढे दोन रकाने ठेवावेत : प्रतिस्पर्धी पास असताना त्या बोलीचा अर्थ काय, आणि त्यांनी मध्ये बोली किंवा डबल दिल्यावर काय. दुसरा रकाना रिकामा राहिलेल्या संकेतांची जुळवणी पुढच्या बैठकीत आधी घ्यावी.