किंमत जास्त वाटते, पण...

दोनशे पानांच्या रहस्यकादंबरीला साडेतीनशे रुपये म्हणजे लूट, असं एका छोट्या प्रकाशकाच्या नव्या कादंबऱ्यांबद्दल एका वाचकानं म्हटलंय. पटतं, पण अर्धंच. पुस्तकावर जीएसटी शून्य असला तरी कागदावर आणि छपाईवर तो लागतोच, आणि विक्रीवर करच नसल्यानं प्रकाशकाला तो कशातून वजा करून घेता येत नाही. त्यात छोट्या प्रकाशकाची आवृत्तीच लहान, मग दर प्रतीमागचा खर्च वाढणारच. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या, तेव्हा त्या खपवणारी गल्लोगल्लीची वाचनालयं होती. आता ती कुठं उरलीत?

याच प्रकाशकाच्या तीन नव्या कादंबऱ्यांपैकी पहिली मी पुण्यात, पुस्तकांच्या दुकानांच्या अप्पा बळवंत चौकात घेतली. रात्री साडेबारा वाजता, विहिरीत नक्की काय सापडलं हे कळणार तेवढ्यात पान ११२ नंतर पुन्हा ९७! अख्खा फॉर्मा (एकत्र छापून शिवलेली सोळा पानं) दोनदा शिवलेला आणि पुढचा गायब. (बायको म्हणाली, हेच खरं रहस्य.) प्रकाशकाला फोन केला, तर चौथ्या दिवशी नवी प्रत घरपोच, जुनी परतही मागितली नाही.

माझी तक्रार वेगळीच आहे. मलपृष्ठावरच्या मजकुरात खून कुणाचा होतो ते सरळ छापलंय, आणि तो होतो थेट पान ८० वर! मजकूर लिहिणाऱ्यानं कादंबरी वाचली होती, एवढंच त्यातून सिद्ध होतं.

उरलेल्या दोन कादंबऱ्या डिसेंबरात फर्ग्युसन कॉलेजच्या मैदानावर, पुणे पुस्तक महोत्सवात घेईन. मलपृष्ठ न वाचता.