गतिरोधकाच्या ठरावावरून रहिवासी संघात दोन तट पडले आहेत – मार्गदर्शन हवे आहे

नमस्कार. आमच्या रहिवासी संघाची चिटणीस म्हणून मी गेली दोन वर्षे काम पाहते आहे. संघात ६४ घरे आहेत. एक ठराव नियमाप्रमाणे संमत झाला आहे, परंतु तो पुढे पाठवण्यास माझे मन धजत नाही, म्हणून अशा कामाचा अनुभव असणाऱ्यांचा सल्ला हवा आहे.

वसाहतीतून जाणारा रस्ता सरळ आणि रुंद आहे, त्यामुळे मुख्य रस्त्यावरची कोंडी टाळू पाहणारी वाहने तिथून भरधाव जातात. आमचे एक वयोवृद्ध सदस्य रोज सकाळी काठी टेकत कडेला येतात, एक पाऊल रस्त्यावर ठेवतात आणि वाहन दिसले की ते पुन्हा मागे घेतात. एके दिवशी त्यांनी असे चार वेळा केलेले मी गच्चीतून पाहिले आणि त्याच आठवड्यात हा विषय कार्यकारिणीपुढे ठेवला.

नुसत्या तक्रारीला वजन येत नाही, म्हणून आम्ही आधी मोजणी केली. फीत लावून ५० मीटर अंतर आखले, दोन्ही टोकांना खडूने रेघा मारल्या आणि घड्याळ घेऊन बसलो. हे अंतर ६ सेकंदांत कापणारे वाहन ताशी ३० किलोमीटर वेगाने जात असते आणि ३.६ सेकंदांत कापणारे ५० च्या वेगाने. आमच्या वहीत ४ सेकंदांच्या आतल्या नोंदी पानोपानी आहेत. हा फरक किरकोळ नाही: चालकाला भान येऊन ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद गेला असे धरले, तरी तेवढ्यात पहिले वाहन सुमारे ८ मीटर पुढे जाते आणि दुसरे जवळजवळ १४ मीटर, शिवाय धडकेतील ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे ती पावणेतीनपटींहून अधिक होते. पादचारी आणि वाहने एकत्र वावरतात तिथे वेगमर्यादा ३० असावी, अशी भूमिका रस्ते सुरक्षेविषयीच्या २०२० च्या स्टॉकहोम जाहीरनाम्यातही घेतलेली आहे.

इथपर्यंत सगळ्यांचे एकमत होते. मतभेद झाला तो उपायावर. पहिल्या सभेला केवळ ११ घरांतून माणसे आली आणि गणपूर्तीअभावी ती तहकूब झाली. आमच्या नियमांनुसार तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. त्या सभेला १९ घरे उपस्थित होती आणि गतिरोधकाचा ठराव १४ विरुद्ध ५ मतांनी संमत झाला. ती पाचही घरे नियोजित जागेला लागून आहेत. त्यांच्यापैकी एका घरात दीर्घकाळ अंथरुणाला खिळलेले आजोबा आहेत, आणि त्यांच्या सूनबाईंनी अतिशय शांतपणे विचारले, ‘जड वाहन रात्री त्यावरून आदळले की आमच्या खिडक्या थरथरणार, त्याचे काय?’ सभेत कोणापाशीही उत्तर नव्हते. जागतिक आरोग्य संघटनेने युरोपसाठी २०१८ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत रात्रीचा वाहतुकीचा आवाज सरासरी ४५ डेसिबलच्या खाली ठेवण्याची शिफारस आहे, म्हणजे त्यांची हरकत वेळकाढूपणाची मुळीच नाही. रुग्णवाहिकेलाही गतिरोधकापाशी वेग कमी करावा लागतो, हा मुद्दाही त्यांचाच, आणि तोही मला पटला.

सामाईक साधनसंपत्तीच्या व्यवस्थापनावरील अभ्यासासाठी २००९ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळालेल्या एलिनॉर ऑस्ट्रम यांनी दाखवून दिले होते की, ज्यांच्यावर नियमाचा परिणाम होतो त्यांना तो घडवण्यात वाटा असला, तर तो नियम टिकण्याची शक्यता वाढते. आमच्या ठरावात नेमकी हीच उणीव आहे असे मला वाटते. अध्यक्षांचे म्हणणे मात्र असे की, संमत झालेला ठराव चिटणिसाने अडवून धरणे योग्य नव्हे. त्यांचेही चुकत नाही.

माझ्यासमोर दोन वाटा आहेत. पहिली म्हणजे विशेष सभा बोलावून, लगतच्या घरांना आधी स्वतंत्रपणे भेटून, रुंद आणि सपाट माथ्याचा उंचवटा किंवा ओलांडण्याच्या जागी रस्ता अरुंद करणे असे पर्याय ठेवणे. दुसरी म्हणजे प्रशासनाकडून काही आठवड्यांच्या तात्पुरत्या प्रयोगाची परवानगी मागून, त्यानंतर त्याच रेघांवर पुन्हा मोजणी करणे. असा प्रयोग कोणी केला आहे का? त्याची मुदत किती ठेवली, आणि रात्रीच्या आवाजाची नोंद कशी घेतली?

सभेला न येणाऱ्या ४५ घरांचे लेखी मत घरोघरी जाऊन घेतले, तर ते मतदानाइतकेच धरावे की केवळ सोबत जोडावे, हेही मला ठरवता आलेले नाही. तसेच विरोधी मत कारणांसह इतिवृत्तात आणि निवेदनातही नोंदवावे असा माझा आग्रह आहे, पण त्यामुळे मागणी दुबळी दिसेल अशी कार्यकारिणीला भीती वाटते. ज्यांनी असे निवेदन दिले आहे त्यांनी त्याचा मसुदा, नावे वगळून, इथे दिल्यास मोठी मदत होईल. येत्या कार्यकारिणीच्या बैठकीपूर्वी उत्तरे मिळाली, तर ती वहीसोबत सर्वांसमोर ठेवीन.