मदत हवी आहे: एअर फिल्टर थेट बंपरमागे, पाण्यातून गाडी घालू का?

सेकंडहँड गाडी घेतली आहे. दोन लिटरचं पेट्रोल इंजिन, टर्बो नाही. आधीच्या मालकाने कोल्ड एअर इनटेक (इंजिनला बाहेरची गार हवा देणारा पाइप) बसवलाय. बोनेट उघडलं तर फिल्टर दिसतच नाही, पाइप खाली मडगार्डच्या आत उतरलाय. चाक पूर्ण वळवून आतलं प्लास्टिक बाजूला केलं तेव्हा शंकूसारखा फिल्टर सापडला. बंपरच्या खालच्या कडेपासून जेमतेम वीतभर वर, आणि तळाच्या घड्यांत वाळका चिखल!

गार हवा दाट असते म्हणून ती खालून घ्यायची, इथवर कळलं. पण कोणी म्हणतं पावसात बिनधास्त चालवा, कोणी म्हणतं पहिल्याच डबक्यात इंजिन बसेल. खरं काय? फिल्टरवर चढवायचा पाणीरोधक मोजा मिळतो, तो पुरेल का? की बायपास व्हॉल्व लावू? कंपनीचा मूळ एअरबॉक्स (फिल्टरचा डबा) डिकीत पडून आहे.

प्रतिसाद १
दोघंही खरं बोलतायत, फक्त पाणी वेगळं आहे. पाऊस, शिंतोडे यांनी सहसा काही होत नाही. फिल्टरचा बराच भाग उघडा असतो, हवेला वाट मिळते. फिल्टर अख्खा बुडाला की मात्र इंजिन पाणीच ओढणार.

चार सिलिंडर धरले तर तुमचा एक सिलिंडर साधारण 500 सीसीचा. कम्प्रेशन 10:1 धरलं तर पिस्टन वर पोचल्यावर उरणारी जागा सुमारे 55 सीसी. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे त्याहून जास्त आत गेलं की पिस्टन अडतो आणि त्याला जोडलेला दांडा, म्हणजे कनेक्टिंग रॉड, वाकतो. पाव कपाचा खेळ आहे हा. आणि नुसती साचलेल्या पाण्याची खोली बघू नका, समोरून ट्रक आला की त्याची लाट बंपरवर चढते.

मोजा शिंतोड्यांपुरता. बायपास व्हॉल्व बरा: फिल्टर बुडाला की वरच्या बाजूने हवा घेतो. पण पाणी व्हॉल्वपर्यंत चढलं तर तोही गेला. मूळ डबा हाताशी असताना एवढा खटाटोप कशाला? त्याचं तोंड वर असतं.

प्रतिसाद २
पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा सेल्फ मारू नका, अजिबात नाही. ढकलून बाहेर काढा, प्लग काढून इंजिन हाताने फिरवा, पाणी निघू द्या. ऑइल दुधट झालंय का तेही बघा. रॉड थोडासाच वाकला तरी गाडी सुरू होते, आणि पुढे कधीतरी तोच तुटून ब्लॉक फोडतो.

धागाकर्ता
मग मूळ डबाच लावतो. पण आत जाणारी हवा मोजणारा एअरफ्लो सेन्सर आता या नव्या पाइपवर आहे, त्याचं काय?

प्रतिसाद १
तोच काढून मूळ नळीत बसवा, सेन्सरच्या आतल्या बारीक तारेला हात न लावता. आधीच्या मालकाला मात्र विचारा, इसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) ट्यून केलाय का. केला असेल तर मूळ ट्यून परत टाकावा लागेल, नाहीतर नळीचा व्यास बदलल्यावर इंधनाचं गणित चुकेल.