जपानला मागे टाकले म्हणजे नेमके कोण पुढे गेले?

वर्धाकाठ :
'अर्थवेध' यांनी काल लिहिले की, आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या एप्रिल २०२५ च्या अंदाजानुसार भारताची अर्थव्यवस्था जपानला मागे टाकून चौथ्या क्रमांकावर येत आहे, तेव्हा देशाचा विकास झाला की नाही हा प्रश्न संपला असून तो यापुढे विचारणारे केवळ रडगाणे गात आहेत. हे वाक्य मला रात्रभर सलत राहिले, म्हणून सविस्तर उत्तर देतो.

त्या अंदाजात आपला आकडा ४,१८७ अब्ज डॉलर आणि जपानचा ४,१८६ अब्ज डॉलर आहे. ही बरोबरी १४० कोटींहून अधिक माणसांनी साडेबारा कोटींच्या आतबाहेर असलेल्या माणसांशी केलेली आहे. दरडोई पाहिले तर आपल्या वाट्याला सुमारे २,९०० डॉलर येतात आणि त्यांच्या वाट्याला सुमारे ३४,०००. महबूब उल हक यांनी १९९० मध्ये अमर्त्य सेन यांच्या साहाय्याने मानव विकास निर्देशांक आणला तो याचसाठी, की उत्पन्नाच्या जोडीला आयुर्मान आणि शिक्षणही मोजले जावे. २०२५ च्या अहवालात त्या यादीत १९३ देशांमध्ये आपण १३० वे आहोत आणि विषमता हिशेबात धरली की आपला निर्देशांक ३०.७ टक्क्यांनी खाली येतो.

माझा जिल्हा चंद्रपूर. जिल्ह्याचे उत्पन्न मोजताना खाणीतून निघालेला कोळसा आणि त्यावर तयार झालेली वीज आमच्या नावावर जमा होते, पण वीज राज्यभर जाते आणि नफा जिल्ह्याबाहेरच्या मुख्यालयांत जातो. माझी आई गच्चीवर पापड वाळत घालते तेव्हा त्यांवर जुने पातळ ताणून बांधते, कारण खालच्या रस्त्याने कोळशाचे ट्रक गेले की तासाभरात त्या पातळावर काळी पूड बसते. ती झटकताना तिला येणारा खोकला जिल्ह्याच्या उत्पन्नातून कोणी वजा करत नाही. आयर्लंडमध्ये २०१५ साली परदेशी कंपन्यांनी आपली बौद्धिक मालमत्ता कागदोपत्री तिकडे हलवल्याने राष्ट्रीय उत्पादन एका वर्षात २५ टक्क्यांहून अधिक वाढलेले दिसले, तेव्हा तिथल्या सांख्यिकी कार्यालयाने देशात खरोखर राहणारे उत्पन्न दाखवणारे वेगळे मोजमाप सुरू केले. आमच्यासाठी एवढे कष्ट कोणी घेतलेले नाहीत. विदर्भाला राज्यात न्याय्य वाटा देण्याचे आश्वासन देणाऱ्या १९५३ च्या नागपूर कराराला सत्तर वर्षे उलटून गेली आणि तेवढ्या काळात पाणीही पश्चिम महाराष्ट्राने उचलले आणि पैसाही.

अर्थवेध :
दरडोई आकडा लहान आहे हे मलाही ठाऊक आहे, परंतु एकूण आकाराला काही किंमतच नाही असे आपण सुचवत असाल तर ते मला मान्य नाही. शाळा आणि दवाखाने करांतून चालतात आणि कर उत्पादनातून येतो. नीती आयोगाच्या २०२३ च्या अहवालानुसार बहुआयामी दारिद्र्यात, म्हणजे आरोग्य, शिक्षण आणि राहणीमान यांच्या वंचनेत, असलेल्यांचे प्रमाण २०१५-१६ मधील २४.८५ टक्क्यांवरून २०१९-२१ मध्ये १४.९६ टक्क्यांवर आले. म्हणजे साडेतेरा कोटी माणसे त्यातून बाहेर पडली. माझ्या वडिलांनी टेलिफोनसाठी नाव नोंदवले तेव्हा मी चौथीत होतो आणि घरात पहिली घंटी वाजली तेव्हा माझी दहावीची परीक्षा संपली होती. ज्यांनी तो देश पाहिला आहे, त्यांना आजचा बदल दिसतो. श्रीलंका मानव विकासात आपल्या कितीतरी पुढे आहे, तरीही २०२२ मध्ये तिथे पेट्रोलसाठी दिवस दिवस रांगा लागल्या आणि परकीय कर्जाची फेड थांबवावी लागली. आपल्याला तसा विकास हवा आहे काय?

टोकियोतून :
मी पंधरा वर्षे जपानमध्ये राहतो. २०१२ मध्ये या देशाची अर्थव्यवस्था ६,००० अब्ज डॉलरच्या वर होती, कारण तेव्हा सुमारे ८० येनला एक डॉलर मिळत असे. आता त्यासाठी १५० च्या आसपास येन मोजावे लागतात. या काळात इथले कारखाने किंवा रेल्वे एक तृतीयांशाने कमी झालेल्या नाहीत. मात्र इथे सगळे आलबेल आहे असेही कोणी समजू नये. पाच किलो तांदळाची जी पिशवी मी दोन हजार येनला आणत असे, तिच्यासाठी २०२५ च्या वसंतात चार हजारांहून अधिक मोजले आणि शेजारच्या आजी पिशवी उचलून किंमत वाचून पुन्हा फळीवर ठेवताना मी पाहिल्या.

खटाववाला :
जपान आणि श्रीलंका आपण पाहून घ्या. 'पाणीही पश्चिम महाराष्ट्राने उचलले' हे वाक्य मात्र मी गिळणार नाही. माझे आजी-आजोबा २०१९ च्या उन्हाळ्यात दोन म्हशींसह तीन महिने चारा छावणीत राहिले आणि गावाला टँकर आठवड्यातून दोनदा येत होता. सातारा जिल्ह्यातला आमचा दुष्काळी भागही पश्चिम महाराष्ट्रच आहे. राज्यातल्या प्रदेशांचा अनुशेष, म्हणजे विकासात मागे राहिलेली तूट, मोजणाऱ्या दांडेकर समितीचा १९८४ चा अहवाल विदर्भातले लोक तोंडपाठ म्हणतात, पण त्यातल्या सुमारे ३,१८७ कोटींच्या अनुशेषापैकी ३७ टक्के अनुशेष उर्वरित महाराष्ट्रातला, म्हणजे विदर्भ-मराठवाडा सोडून बाकीच्या भागातला, होता हे सांगत नाहीत. शिवाय तालुका धरायला हवा होता, तिथे त्या समितीने जिल्हा हे एकक धरले. एकाच जिल्ह्यातल्या कराडच्या उसाची आणि दुष्काळी माणदेशातल्या कुसळांची सरासरी काढली की आम्ही सगळेच बागायतदार ठरतो. देशाच्या सरासरीत आपली आई हरवते याचा आपल्याला राग येतो, मग जिल्ह्याच्या सरासरीत माझी आजी हरवली तर आपण गप्प का?

वर्धाकाठ :
आपल्या आजीबद्दल मला वाईट वाटते, परंतु तिचे पाणी विदर्भाने नेलेले नाही. ते कोणाच्या शेतात गेले हे आपल्याच जिल्ह्यातल्या कारखानदारांना विचारा. सत्ता वर्षानुवर्षे तुमच्याकडे होती. प्रदेशांना विकासनिधीचा न्याय्य वाटा मिळावा म्हणून नेमलेल्या वैधानिक विकास मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली, तेव्हा तुमच्याकडून निषेधाचा एक शब्दही आला नाही.

खटाववाला :
सत्ता आमच्याकडे होती? वसंतराव नाईक तुमच्याच विदर्भातल्या पुसदचे होते आणि १९६३ ते १९७५ अशी सलग अकरा वर्षे मुख्यमंत्री होते. आपण इतिहास सोयीने वाचता. टँकरच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसाला सत्ताधारी म्हणण्याआधी एकदा म्हसवडला येऊन जा.

सातपुडा :
दोघांचे वाचून मन विटले, म्हणून लिहिते. मी काही वर्षे नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव तालुक्यात आरोग्यसेविका होते. राज्याच्या २०१२ च्या मानव विकास अहवालात मुंबईचा निर्देशांक ०.८४१ आणि नंदुरबारचा सर्वांत कमी, ०.६०४ होता, २०११ च्या जनगणनेत राज्याची साक्षरता ८२.३ टक्के आणि आमची ६४.४ टक्के होती. तरीही अनुशेषाच्या हिशेबात नंदुरबार 'उर्वरित महाराष्ट्रा'त, म्हणजे मुंबई-पुण्याच्याच रकान्यात बसतो. विदर्भ आम्हाला आपले म्हणत नाही आणि खटाववाले ३७ टक्के सांगताना आमची आठवण काढत नाहीत.

एका पावसाळ्यात पाड्यावरच्या बाईला कळा सुरू झाल्या. बांबूला गोधडी बांधून झोळी केली, चार जणांनी ती खांद्यावर घेतली आणि आम्ही दोन डोंगर उतरलो, पण नाल्याला पाणी होते. पाणी ओसरण्याची वाट पाहत असताना ती मोहाच्या झाडाखाली बाळंत झाली. मी माझ्या पदराने पावसाचा आडोसा केला होता. सुदैवाने दोघे वाचली. उपकेंद्रात परतल्यावर नोंदवही उघडली, तर तिच्यात दोनच रकाने होते : संस्थेत आणि घरी. मी 'घरी' लिहिले. त्या महिन्याच्या अहवालात ती घरची बाळंतीण म्हणून गेली आणि रस्ता नसल्याची नोंद कुठेच झाली नाही. अर्थवेध, आपले साडेतेरा कोटी खरे असतील, पण ते आकडे अशाच नोंदींवरून बनतात का, हे आपण कधी तपासले आहे का?

अर्थवेध :
हे आकडे नोंदवह्यांवरून नव्हे, तर घरोघरी जाऊन केलेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणावरून काढलेले आहेत, एवढी दुरुस्ती मला करावी लागेल. पण त्या सर्वेक्षणातही ती प्रसूती कोणत्या नाल्याकाठी झाली हे कळणार नाही, हे मान्य करतो. 'प्रश्न संपला' हे माझे वाक्य मी मागे घेतो. त्या पाड्यापर्यंत रस्ता नेण्यासाठी लागणारा पैसा वाढीतूनच येईल, हे मात्र मागे घेत नाही.

सातपुडा :
पैसा लागतो हे मी नाकारलेले नाही. १९९१ च्या आर्थिक सुधारणांपासूनच्या सगळ्या वाढीत तो त्या नाल्यापर्यंत का पोहोचला नाही, एवढेच विचारते आहे.

वर्धाकाठ :
नंदुरबार माझ्या डोळ्यांआड राहिला, हे ताईंचे बोलणे मला लागले आणि ते खरे आहे. खटाववाले, मी 'पश्चिम महाराष्ट्र' म्हटले तिथे आपण 'कृष्णाकाठचा बागायती पट्टा' असे वाचावे; याहून अधिक मी मागे जाणार नाही. तालुका हे एकक धरावे या आपल्या मागणीला माझा पाठिंबा आहे, कारण मग आमचे जिवती आणि कोरपना हे तालुकेही चंद्रपूरच्या सरासरीतून सुटतील. नाईकांच्या अकरा वर्षांचे उत्तर स्वतंत्रपणे देईन. तो मुद्दा मी सोडलेला नाही.