एकाच पातळीला दोन विसर्ग: पूर चढताना आणि उतरताना रेटिंग कर्व्ह जुळत नाही

गेज_केंद्र

मोठ्या, सपाट नदीवरचं मापन केंद्र आहे. पात्र सुमारे ३५० मीटर रुंद, पाण्याचा उतार १०,००० ला १. खाली १२ किमीवर एक उपनदी येऊन मिळते. पातळीसाठी पुलावर रडार सेन्सर, विसर्ग बोटीवरच्या डॉप्लर यंत्राने (ते ध्वनिलहरींनी पाण्याचा वेग मोजतं).

एकाच पुरात गेजच्या ११.४० मी. पातळीला दोन मोजण्या झाल्या. चढताना (तासाला १२ सेंमी) ५,०६० क्युमेक (घनमीटर प्रति सेकंद), उतरताना (तासाला ६ सेंमी) ४,२८०. रेटिंग कर्व्हवर (पातळीवरून विसर्ग सांगणाऱ्या आलेखावर) त्या पातळीला ४,७०० आहे. दोन्ही वेळी पट्टी आणि रडार १ सेंमीच्या आत जुळत होते, सरासरी वेग १.५ मी./से.च्या आसपास. दोन्ही बिंदू धरून कर्व्ह नव्याने काढावा का?

काटछेद

कर्व्हला इतक्यात हात लावू नका. तुमच्याकडे दोन वेगळ्या गोष्टी एकमेकींत मिसळल्या आहेत, त्या आधी सुट्या करा.

पहिली म्हणजे पुराचा फास: एकाच पातळीला चढताना एक विसर्ग, उतरताना दुसरा. पूर चढताना वरच्या बाजूला पाणी जास्त, खाली कमी, म्हणून पाण्याचा उतार नेहमीपेक्षा तीव्र होतो आणि त्याच पातळीला जास्त पाणी वाहतं. उतरताना याच्या उलट. डोंगरी नदीत हे दिसतही नाही, कारण तिथे मूळ उतारच इतका असतो की ही भर नगण्य ठरते. १०,००० ला १ असलेल्या नदीत मात्र ती दिसणारच.

ढोबळ हिशेबाला जोन्सचं सूत्र पुरतं. पातळी बदलण्याचा वेग (मीटर प्रति सेकंद) भागिले उतार आणि पुराच्या लाटेचा वेग यांचा गुणाकार. त्यात १ मिळवा, वर्गमूळ काढा आणि कर्व्हच्या विसर्गाला गुणा. उतरताना पहिली संख्या ऋण धरायची. लाटेचा वेग पाण्याच्या सरासरी वेगाच्या साधारण दीडपट, म्हणजे तुमच्याकडे २.३ धरा.

चढताना: ०.१२ मी. भागिले ३,६०० म्हणजे ०.०००३३३ नव्हे, ०.००००३३३ (इथे शून्य हमखास चुकतं). त्याला ०.०००२३ ने भागलं की ०.१४५. गुणक १.०७, विसर्ग ५,०३०. तुमची मोजणी ५,०६०, म्हणजे चोख.
उतरताना: गुणक ०.९६३, विसर्ग ४,५२५. तुमची मोजणी ४,२८०. इथे साडेपाच टक्के अजून कमी पडताहेत आणि ते फासाच्या खात्यात बसत नाहीत. ही दुसरी गोष्ट, आणि माझा संशय उपनदीच्या फुगवट्यावर आहे: ती चढली की मुख्य नदीचं पाणी मागे तुंबतं. उतरत्या मोजणीच्या वेळी ती चढलेली होती का?

आणि पूर अंदाजासाठी एक लक्षात ठेवा: अशा नदीत विसर्गाचा उच्चांक पातळीच्या उच्चांकाआधी येऊन जातो. पट्टीवर पाणी अजून चढत असतं तेव्हा विसर्ग उतरायला लागलेला असू शकतो.

उभी_रेषा

फुगवट्याकडे वळण्याआधी मोजणी तपासा. डॉप्लर यंत्र बोटीचा वेग तळाच्या संदर्भाने काढत असेल आणि तळाची वाळू सरकत असेल, तर बोट प्रवाहाच्या उलट गेल्यासारखी दिसते आणि विसर्ग कमी भरतो. त्यासाठी लूप चाचणी: एका काठावरच्या ठरलेल्या खुणेपासून निघा, पलीकडे जा, न थांबता त्याच खुणेवर परत या. एकूण वेळ ३ मिनिटांपेक्षा कमी नको. यंत्र परतीच्या जागी वरच्या दिशेला जेवढं अंतर दाखवेल, भागिले लागलेला वेळ, हा तळाचा वेग. तो सरासरी वेगाच्या १ टक्क्याहून जास्त निघाला तर दुरुस्ती करा किंवा जीपीएसचा संदर्भ घ्या. दोन्हीसाठी होकायंत्राचं कॅलिब्रेशन आधी हवं, तेही बोटीवर, लोखंड आणि इंजिन जागच्या जागी असताना. काठावर उभं राहून केलेलं उपयोगाचं नाही.

तरी हिशेब काटछेद म्हणतात तसाच दिसतो. तळ सरकत असता तर चढत्या पुरातली मोजणीही कमी भरली असती, ती तर बरोबर बसते आहे.

गेज_केंद्र

लूप चाचणी केलेली नाही, कॅलिब्रेशन बोटीवरच केलं होतं. आणि हो, उतरत्या मोजणीच्या दिवशी उपनदी चढती होती. मग खाली दुसरं गेज बसवायचं का? कुठे आणि कसं?

काटछेद

मग फुगवटाच. दुसरं गेज संगमाच्या वरच, तुमच्या केंद्रापासून साधारण ९ किमीवर घ्या. संगमाच्या अगदी तोंडाशी नको, तिथे भोवऱ्यांमुळे पातळी खालीवर होत राहते. मधल्या टप्प्यात ओढा किंवा उपसा नसलेला बरा.

९ किमीला नेहमीची पातळीतली घट ९० सेंमी. विसर्ग घटीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो, तेव्हा तुमचे साडेपाच टक्के म्हणजे घट जेमतेम १० सेंमीने कमी झालेली. सगळा खेळ या १० सेंमींचा आहे, म्हणून दोन गोष्टींत तडजोड नको. एक, दोन्ही पट्ट्यांची शून्यपातळी एकाच लेव्हलिंगने जोडलेली हवी. वेगवेगळ्या बेंचमार्कवरून (उंचीच्या पक्क्या खुणांवरून) आणलेल्या पातळ्यांत ३ सेंमीचा फरक असला तर दीड टक्का विसर्ग तिथेच गेला. दोन, घड्याळं. तासाला १२ सेंमी पाणी चढत असताना एक लॉगर (पातळी नोंदवणारं यंत्र) अर्धा तास मागे असेल तर घटीत ६ सेंमीची चूक येते. दोन्ही लॉगर जीपीएसच्या वेळेवर लावा आणि एकाच प्रमाणवेळेत.

खाली पूल नसेल तर प्रेशर सेन्सर चालेल. हवेच्या नळीतला सिलिका जेल रंग बदलला की लगेच बदला. नळी तुंबली की हवेचा दाब पातळीत मिसळतो: १ हेक्टोपास्कलला सुमारे १ सेंमी. वादळात दाब ८ हेक्टोपास्कलने उतरला तर पाणी ८ सेंमी कमी दिसेल, आणि नेमकं पुराच्या वेळी.

उभी_रेषा

एक मर्यादा सांगून ठेवतो. फुगवटा वाढून घट २० सेंमीवर आली तर दोन्ही पट्ट्यांतली १-१ सेंमीची चूक विरुद्ध बाजूंना पडल्यास घटीत १० टक्के, विसर्गात ५ टक्के. उपनदी वारंवार इतकी चढत असेल तर घटीची पद्धत सोडा आणि काठावर आडवं डॉप्लर यंत्र कायमचं बसवा. ते एका पट्ट्यातला वेग सतत मोजतं. बोटीवरच्या मोजण्यांशी त्याचं नातं बसवलं की फास आणि फुगवटा दोन्ही आपोआप हिशेबात येतात. बसवताना परत येणाऱ्या ध्वनीच्या तीव्रतेचा आलेख जरूर पाहा. अंतराबरोबर ती उतरत जायला हवी. मध्येच उंचवटा आला तर ध्वनीचा किरण तळाला किंवा पाण्याच्या पृष्ठभागाला लागतोय, त्याच्या अलीकडेच मोजणीचा पट्टा थांबवा. हे कमी पाण्यातही तपासा, कारण पुरात मोकळा असलेला किरण उन्हाळ्यात पृष्ठभागाला टेकतो.