जनावरांसाठी दुकानात औषध बनवून द्यायचं, आणि अंगाशी आलं तर कुणाच्या?

कृष्णाकाठचा केमिस्ट

नमस्कार मंडळी. मिरजेजवळ माझं औषधांचं दुकान आहे. बी. फार्म. मीच, काउंटरवर बसणारा मीच आणि संध्याकाळी शटर ओढणाराही मीच.

समोरच्या गाळ्यात नवीन पेट क्लिनिक निघालंय. डॉक्टर मॅडम हुशार आहेत, गर्दीही चांगली असते. त्यांची अडचण अशी. मांजर चार किलोचं, त्याला गॅबापेंटिन हे वेदनेवरचं औषध द्यायचं चाळीस मिलिग्रॅम आणि बाजारात मिळते ती शंभरची कॅप्सूल. लोक घरी जाऊन कॅप्सूल उघडतात, पेपरवर पावडर ओततात आणि ब्लेडने तीन ढीग करतात. कुठला ढीग मोठा, कुठला बारका, ते मांजराचं नशीब.

परवा मॅडम म्हणाल्या, "दादा, तुम्ही शिकलेले आहात. मला याचं पातळ औषध करून द्या, जरा चिकनच्या वासाचं. महिन्याला वीसेक बाटल्या एकदम करा, मी क्लिनिकात ठेवते आणि लागेल तशी देते." पैसेही बरे देतायत. कॉलेजात खल-बत्ता, मेजरिंग सिलिंडर, सस्पेन्शन सगळं केलंय, पण दुकान टाकल्यापासून पट्टी कापून देण्यापलीकडे काम नाही. खरं सांगायचं तर हात शिवशिवतायत.

हे बघून आता गवळी लोकही मागे लागलेत. "म्हशीला दगडी (कासदाह) झालीय, सडात सोडायला काहीतरी मिक्स करून दे." त्यांना अजून हो म्हटलेलं नाही.

मेहुणा म्हणतो, बाटलीवर 'मालकाच्या जबाबदारीवर' लिही, मालकाची सही घे, विषय संपला. मला ते पटत नाही. हे कायद्यात बसतं का? आणि उद्या मांजर दगावलं तर मॅडमच्या अंगावर येईल की माझ्या?

---

निवृत्त निरीक्षक, विदर्भ

तुमच्या मेहुण्यांना दुकानात बसू देऊ नका, एवढं आधी सांगतो.

नोकरीची सगळी वर्षं मी औषध निरीक्षक होतो. जनावरांचं औषध म्हणजे कायद्याबाहेरचं काहीतरी, हा समज मी चांगल्या चांगल्या दुकानदारांत पाहिलाय. औषधे व सौंदर्य प्रसाधने कायदा 1940 चा. त्यात 'औषध' या शब्दाच्या व्याख्येतच माणसं आणि जनावरं दोन्ही आहेत. 1945 च्या नियमांत 'नोंदणीकृत वैद्यक व्यावसायिक' म्हणजे कोण, त्यातही पात्रताधारक पशुवैद्यक येतात. म्हणजे मॅडमची चिठ्ठी तुमच्यासाठी माणसांच्या डॉक्टरच्या चिठ्ठीइतकीच वजनदार. जनावरांच्या कंपाउंडिंगसाठी, म्हणजे चिठ्ठीवरून दुकानात औषध बनवण्यासाठी, आपल्याकडे वेगळे नियम नाहीत, जे आहेत तेच लागू.

आता नीट वाचा, कारण सगळी मेख इथे आहे. कायद्यात 'उत्पादन' या शब्दाची व्याख्या भलतीच रुंद आहे. औषध बनवणं, बदलणं, फोडणं, पॅक करणं, लेबल लावणं, सगळं त्यात येतं. फक्त एक फट ठेवलीय: किरकोळ विक्रीच्या नेहमीच्या व्यवहारात केलेलं कंपाउंडिंग आणि डिस्पेन्सिंग (औषध देणं) हे उत्पादन नाही. चिठ्ठी आली, त्या चिठ्ठीपुरतं औषध बनवलं, त्या मालकाच्या हातात दिलं, तर तुम्ही त्या फटीत बसता. वीस बाटल्या आधीच करून क्लिनिकला दिल्या, तर बसत नाही. तिथे ना चिठ्ठी आहे ना रुग्ण, आहे तो माल. त्याला फॉर्म 25 चं उत्पादन परवानापत्र लागतं. तुमच्याकडे 20 आणि 21 असणार, ती विक्रीची.

विनापरवाना उत्पादनाला कलम 27 खाली कमीत कमी तीन वर्षं, जास्तीत जास्त पाच वर्षं कैद आणि किमान एक लाख दंड, किंवा जप्त मालाच्या किमतीच्या तिप्पट, यातलं जे जास्त असेल ते. त्यासाठी मांजर मरावं लागत नाही. ते ठणठणीत असलं, तुमच्या औषधाने बरं झालं असलं, तरी गुन्हा तो गुन्हाच.

फटीत बसायचं असेल तर कामही तसंच हवं. औषध नोंदणीकृत फार्मासिस्टच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली बनलं पाहिजे, नियम 65 ची सुरुवातच तिथून होते. म्हणजे तुम्ही स्वतः. जेवायला घरी गेलात आणि पोऱ्याने बाटली भरली, असं चालणार नाही. चिठ्ठीवर सही, तारीख, एकूण किती औषध, डोस किती आणि जनावराच्या मालकाचं नाव-पत्ता हवा. हो, मालकाचा. नियमात तसं स्पष्ट लिहिलंय, बरेच पशुवैद्यक नुसतं 'मनी' लिहून मोकळे होतात. प्रिस्क्रिप्शन रजिस्टरमध्ये नोंद करताना, औषध तुम्ही बनवलेलं असेल तर त्यात कोणकोणते घटक, किती किती, तेही लिहायचं. बाटलीवर तुमचं नाव-पत्ता, रुग्णाचं नाव, औषध किती, डोस आणि रजिस्टरचा अनुक्रमांक. शिवाय 'फक्त जनावरांसाठी' हे मोठ्या अक्षरांत टाका. चिकनच्या वासाची बाटली फ्रिजमध्ये असते आणि घरात पोरं असतात.

जबाबदारीचं म्हणाल तर, डोस चुकीचा लिहिला तर मॅडम आणि लिहिलेला डोस तुम्ही चुकीचा बनवला तर तुम्ही, इतकं सरळ ते क्वचितच राहतं. दहापट डोस दिसत असताना तुम्ही फोन न करता बाटली भरलीत, तर दोघेही. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात उत्पादनातल्या दोषाच्या जबाबदारीचं अख्खं प्रकरण आहे आणि 'हानी'च्या व्याख्येत मालमत्तेचं नुकसानही येतं. कायद्याच्या नजरेत जनावर ही मालमत्ता. तक्रार करायला दोन वर्षांची मुदत असते. ग्राहक आयोगात वकील सगळ्यांनाच पक्षकार करतो, मग ज्याच्याकडे कागद नाही तो अडकतो. मालकाची सही निष्काळजीपणा धुऊन काढत नाही.

आणखी एक. कलम 26 प्रमाणे कुणीही नागरिक विकत घेतलेलं औषध फी भरून सरकारी विश्लेषकाकडे तपासायला देऊ शकतो. चिडलेला मांजरमालक हे नक्की करेल.

---

भूभू-डॉक्टर, ठाणे

सर, तुमचा शब्द न् शब्द मान्य, पण दुसरी बाजूही मांडते. मीही क्लिनिक चालवते आणि त्या मिरजेच्या मॅडमची अडचण मला रोज दिसते. आपल्याकडे मांजरांसाठी म्हणून तयार मिळणारी औषधं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. बाकी सगळा कारभार माणसांच्या गोळ्या फोडून. रात्री अकरा वाजता वेदनेने कण्हणारं मांजर आलं, तर कुठला फार्मासिस्ट दुकान उघडून खल काढणार आहे? मॅडमना स्टॉक हवा आहे तो पैशासाठी नव्हे.

अर्थात याला रस्ता आहे, सरांनी तो सांगितला नाही म्हणून मी सांगते. त्याच 1945 च्या नियमांच्या अनुसूची 'के'मध्ये सूट आहे: डॉक्टर आपल्या स्वतःच्या रुग्णाला औषध देऊ शकतो, उघडं दुकान मांडायचं नाही, काउंटरवर विकायचं नाही आणि औषध परवानाधारकाकडून घेतलेलं हवं. त्या रुग्णापुरतं क्लिनिकमध्ये तयार करून मॅडम देऊ शकतात. त्यांनी तयार कॅप्सूल तुमच्याकडून बिलावर घ्याव्यात आणि डोस स्वतः बांधावेत. मग जबाबदारी त्यांची, उघड आणि एकटीची. मी तसंच करते.

दादा, तुम्ही करायला घेणारच असाल तर काही गोष्टी मनावर घ्या. माणसांच्या काही पातळ औषधांत गोडीसाठी झायलिटॉल असतं. परदेशात मिळणाऱ्या गॅबापेंटिनच्या द्रावणातही ते असतं. कुत्र्याला झायलिटॉल दिलं की साखर धाडकन खाली येते, यकृतही जाऊ शकतं. सिरपचा बेस घेताना त्याचं लेबल वाचा. मांजराला पॅरासिटामॉल कधीच नाही, कुणाच्याही चिठ्ठीवर नाही, माझ्यासुद्धा. डॉक्सिसायक्लिनचं घरी केलेलं सस्पेन्शन आठवड्याभरानंतर ताकद टिकवून ठेवत नाही, त्यामुळे महिन्याची बाटली बांधू नका. दिसायला ते जसंच्या तसं पिवळं राहतं, म्हणून जास्त धोका.

गवळ्यांना मात्र ठाम नाही म्हणा. सडात जाणारं औषध निर्जंतुक असायला हवं, ते किरकोळ दुकानाच्या टेबलावर होत नाही. वर दुधाचा प्रश्न. तयार औषधाच्या लेबलवर उपचारानंतर किती दिवस दूध विकायचं नाही ते लिहिलेलं असतं. जिथे तो कालावधी ठरवलेला नाही तिथे नियमानुसार दुधाला आणि अंड्यांना किमान सात दिवस, मांसाला अठ्ठावीस. तुम्ही दोन प्रतिजैविकं एकत्र केली, तर त्या मिश्रणाचा कालावधी कोण सांगणार? डेअरीत टँकर नाकारला गेला की गवळी तुमच्याच दारात उभा राहील.

आणि माणसांच्या इंजेक्शनची कुपी गुरांना वापरायची सवय काय करते, ते आपण पाहिलंय. 2006 मध्ये जनावरांसाठी डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक बंद झालं, तरी माणसांच्या मोठ्या कुप्या गोठ्यात जातच राहिल्या. शेवटी 2015 मध्ये माणसांची कुपीसुद्धा तीन मिलीवर आणावी लागली. तोवर ते औषध दिलेली मेलेली गुरं खाऊन गिधाडं गेली होती.

---

फ्लोरिडातला सातारकर

मी इथे टँपाला फार्मासिस्ट आहे. कंपाउंडिंग करत नाही, पण या धंद्यातला प्रत्येक माणूस इथे ज्या प्रकरणाची आठवण काढतो ते सांगतो.

एप्रिल 2009, फ्लोरिडातलं वेलिंग्टन. अमेरिकन ओपन पोलोच्या स्पर्धेआधी लेचुझा काराकास नावाच्या व्हेनेझुएलन मालकाच्या संघाचे घोडे एकामागून एक कोसळायला लागले. एकूण 21 मेले. त्यांना बायोडिल नावाचं बलवर्धक दिलं जायचं: बी12, सेलेनियम, पोटॅशियम, मॅग्नेशियम. ते इतर देशांत मिळतं, अमेरिकेत त्याला मान्यता नाही. म्हणून पशुवैद्यकाने चिठ्ठी लिहिली आणि ओकालाच्या फ्रँक्स फार्मसीने तसं मिश्रण बनवलं. नंतर फार्मसीनेच मान्य केलं की एका घटकाची मात्रा चुकली होती. तपासणीत घोड्यांच्या शरीरात सेलेनियम भरमसाठ निघालं.

दादा, तुम्ही विचारता तोच प्रश्न इथेही उभा राहिला: ही फार्मसी की कारखाना? 2010 मध्ये एफडीए, म्हणजे इथलं औषध नियंत्रण खातं, कोर्टात गेली. म्हणणं असं की जनावरांसाठी कच्च्या रसायनापासून औषध बनवणं मुळातच बेकायदा आहे. 1994 च्या कायद्याने पशुवैद्यकांना मान्यताप्राप्त औषधापासून कंपाउंडिंगची मोकळीक दिली होती, कच्च्या मालापासून नाही. 2011 मध्ये जिल्हा न्यायाधीशांनी निकाल एफडीएच्या विरुद्ध दिला, चिठ्ठीवर चालणाऱ्या परवानाधारक फार्मसीला असं रोखता येणार नाही म्हणून. अपील झालं, तेवढ्यात फार्मसीने कंपाउंडिंगचा धंदाच सोडला आणि 2012 मध्ये तो निकाल रद्दबातल झाला. म्हणजे 21 घोडे मेले आणि मूळ प्रश्न कोर्टात सुटलाच नाही. गंमत म्हणजे खटला घोड्यांच्या मृत्यूवर नव्हताच, तो बनवण्याच्या हक्कावर होता. मालकांचा भरपाईचा दावा वेगळा.

2022 मध्ये एफडीएने मार्गदर्शक सूचना काढल्या. कच्च्या मालापासून बनवायचं असेल तर सहसा एका ठरावीक रुग्णाची चिठ्ठी हवी. तुमच्या मॅडमसारखा क्लिनिकमधला साठा? त्याला इथे 'ऑफिस स्टॉक' म्हणतात आणि त्यासाठी कुठले पदार्थ चालतील याची वेगळी यादी एफडीए ठेवते. यादीत नाव नसेल तर हात आखडता घ्यायचा. अशी यादी भारतात असती तर ठाण्याच्या डॉक्टरांचं रात्री अकराचं भांडण मिटलं असतं.

---

कृष्णाकाठचा केमिस्ट

सगळ्यांचे आभार. मॅडमना ठाण्याच्या डॉक्टरांचं उत्तर दाखवलं. त्या म्हणाल्या, "'के'चं मला माहीत होतं, पण पावडर मोजायला माझ्याकडे बारीक काटा नाही आणि वेळही नाही." वीस बाटल्यांना मी नाही म्हटलंय. त्या जरा नाराज आहेत. पण ज्या मांजराला लागेल त्याची चिठ्ठी मालकाच्या नावानिशी पाठवायला तयार झाल्यात. रात्रीचं काय, ते अजून ठरलेलं नाही.

गवळ्यांना समोरच्या सरकारी दवाखान्यात पाठवलं. एक जण बोलून गेला, "मग शिकलास कशाला?"

निरीक्षकसाहेब, एक शेवटचं. माझ्या पाटीवर 'केमिस्ट्स अँड ड्रगिस्ट्स' आहे. एका मित्राने घाबरवलं की या पाटीवर खल ठेवताच येत नाही. खरंय का?

---

निवृत्त निरीक्षक, विदर्भ

मित्र बरोबर आहे, त्याला चहा पाजा.

नियम 65 मध्येच दुकानांची नावं वाटून दिलीत. फार्मासिस्ट नेमायची गरज नसलेलं ते 'ड्रगस्टोअर'. फार्मासिस्ट आहे पण चिठ्ठीवर औषध बनवायची सोय ठेवलेली नाही, ते 'केमिस्ट्स अँड ड्रगिस्ट्स'. फार्मासिस्टही आहे आणि बनवायची सोयही, ते 'फार्मसी' किंवा 'डिस्पेन्सिंग केमिस्ट'. तुमची पाटीच सांगतेय की इथे औषध बनत नाही. निरीक्षक आत शिरायच्या आधी पाटी वाचतो.

'फार्मसी'साठी अनुसूची 'एन' काढा. किती जागा, कोणती भांडी, कोणते काटे, कोणते मापक, सगळी यादी त्यात आहे. निम्म्या वस्तू आज कुणी विकत घेत नाही, तरी यादी ती यादी. त्याप्रमाणे सोय करा, जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात परवाना प्राधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज द्या, पाहणी होऊ द्या. तोपर्यंत चिठ्ठी असली तरी एकही बाटली नको. मॅडमना तेवढ्या काळापुरता एक बारीक काटा घ्यायला सांगा, महाग नसतो.

रात्री अकराचं म्हणाल, तर ठाण्याच्या डॉक्टरांशी माझा वाद नाही. त्यांनी कॅप्सूल आणि काटा क्लिनिकमध्ये ठेवावा, समोरच्या रुग्णापुरता डोस बांधावा, केसपेपरवर लिहावं. आणि रजिस्टर शेवटच्या नोंदीपासून दोन वर्षं तरी जपून ठेवा, दिवाळीच्या आवराआवरीत रद्दीत जातं.

---

भूभू-डॉक्टर, ठाणे

काटा घेताना मिलिग्रॅमपर्यंत दाखवणाराच घ्या म्हणावं. सोनाराकडचा दोन दशांशांचा काटा दहा मिलिग्रॅमच्या खाली काही सांगत नाही, आणि चार किलोच्या मांजरात दहा मिलिग्रॅम म्हणजे डोसचा चौथा हिस्सा.