बियांपासून कळलावी : आगरांतील आणि परसांतील अनुभव

गौरीच्या पूजेसाठी भाद्रपदात कळलावीच्या फुलांचा शोध सुरू होतो आणि पाणंदीच्या गडग्यांवरचे वेल बी धरण्याआधीच तुटतात. औषधासाठी कंद उपटले जातात, ते वेगळेच. ज्यांनी रानातला कंद न आणता हा वेल बियांपासून वाढवला आहे, त्यांनी पेरणीपासून फुलापर्यंतचा अनुभव सविस्तर लिहावा, ही विनंती.

गुहागर
पावसाळा सरल्यावर बोंड वाळून तीन कप्प्यांत उकलते आणि आतल्या शेंदरी बिया दिसू लागतात, तेव्हाच ते काढावे. बिया सावलीत वाळवून, वरचे आवरण चोळून काढून मी पुढच्या मृगापर्यंत कागदाच्या पुडीत ठेवते आणि वाळू, पालापाचोळ्याची माती व थोडे जुने शेणखत यांच्या मिश्रणात पेरते. उगवण कधीच एकसारखी होत नाही : काही बिया महिन्याभरात वर येतात, काही पावसाच्या अखेरीस, तर काही थेट दुसऱ्या वर्षी, त्यामुळे रिकामी दिसणारी कुंडीही मी ओतून टाकत नाही. पहिल्या वर्षी रोपाला मोजकीच पाने येतात आणि दिवाळीनंतर ती पिवळी पडतात. रोप मेले असे वाटते, पण मातीखाली लहानसा कंद तयार झालेला असतो. फुलासाठी तिसऱ्या किंवा चौथ्या पावसाळ्याची वाट पाहावी लागते, म्हणून दरवर्षी थोडे बी पेरत राहणे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते.

राजापूर
पाण्याविषयी लिहितो. पोफळीच्या आगरात बारमाही शिंपण असते आणि कळलावीला ओल आवडते म्हणून अनेक जण तिला पाटाच्या कडेलाच लावतात. परंतु हिवाळ्या-उन्हाळ्यात कंद झोपलेला असताना त्या पाण्यानेच तो कुजतो. आमच्याकडे जांभ्याच्या गडग्याच्या पायथ्याशी, शिंपणाचे पाणी पोहोचत नाही अशा उंचवट्यावर, वेल उत्तम राहिले. पावसात तेथे भरपूर ओल असते आणि पाणी मात्र साचत नाही. पानांच्या टोकांचे ताणे धरायला जवळ निरगुडीसारखे झुडूप असले की वेगळा मांडव लागत नाही.

मालवण
घाई असलेल्यांनी नागदवणा या लिलीसारख्या फुलांच्या कंदवर्गीय झाडापासून सुरुवात करावी. त्याचे मांसल बी साठवून टिकत नाही, पण ताजे असताना ओल्या वाळूवर नुसते ठेवले तरी अंकुरते.

कुडाळ
घरात मुले आणि गोठ्यात गुरे असतील, तर कळलावी त्यांच्या वाटेपासून दूरच लावावी. तिच्या सर्व भागांत, विशेषतः कंदात आणि बियांत, कोल्चिसिन हे जहाल विष असते. बिया चोळताना मी हातमोजे घालते आणि राहिलेल्या बिया मोजून कुलपात ठेवते.

बी धरण्याविषयीही सांगते. या फुलाची परागवाहिनी बुडाशीच काटकोनात वळून बाहेर जाते, त्यामुळे त्याच फुलाचे पराग तिच्या टोकापर्यंत सहजी पोहोचत नाहीत. फुलपाखरे आणि शिंजीर पक्षी ते काम करतात, पण सततच्या पावसात त्यांची ये-जा कमी होते. अशा दिवसांत उघडीप मिळाली की मी एका वेलाचे पराग मऊ कुंचल्याने दुसऱ्या वेलाच्या फुलांवर लावते, आणि ती फुले पूजेला न तोडता खूण म्हणून देठाला दोरा बांधून ठेवते. बहुतेक बोंडे याच फुलांना धरतात.